पिनियनचा एक दांता

हल्लीं ज्या घरांत दहा ते सोळा वर्षांचीं मुलें आहेत, त्यांपैकीं पुष्कळ घरांत बिनतारी यंत्रानें दुरून चालविण्याची एखादी विजेची गाडी आलेली असते. कोठें ती परदेशांत राहणाऱ्या मामांनीं आणलेली असते, कोठें मुलानें वाढदिवसाचे व दिवाळीचे पैसे सांठवून घेतलेली असते. पहिले आठ दिवस ती अंगणांत आनंदानें धांवते. मग ती ‘हळू’ आहे असा मुलांस शोध लागतो, आणि तिचा वेग वाढविण्यासाठीं एक नवें दांतेरी चाक मागविण्याचें टुमणें सुरू होतें. हें चाक अंगठ्याच्या नखाएवढेंच असतें व गाडीच्या मानानें त्याची किंमतही थोडी असते, म्हणून वडील मंडळी फारसा विचार न करतां होकार देतात. पंधरा दिवसांनीं मोटर जळाली म्हणून मुलगा तोंड पाडून येतो, तेव्हां तीच मंडळी ‘एवढा महाग खेळ, आणि टिकत कसा नाहीं!’ असें म्हणून गाडी माळ्यावर टाकतात. आमच्या मतें या दोनही प्रसंगीं वडिलांचें वर्तन सारखेंच अविचाराचें असतें. होकार देण्यापूर्वीं मुलास जवळ बसवून पांच मिनिटें त्रैराशिक मांडलें असतें, तर माळ्यावर चढण्याचे श्रम वांचले असते.

दूर उभें राहून बिनतारी लहरींनीं वाहन चालविण्याची कल्पना बरीच जुनी आहे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका या रीतीनें चालवून दाखविली होती. गाड्यांचा छंद मात्र अलीकडचा. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्शे ९३४ या गाडीची अशी प्रतिकृति बाजारांत आणली, आणि पुढील काळांत सुटे भाग घेऊन घरींच गाडी जोडण्याचा हा नाद जगभर पसरला. ज्या गाडीचे स्क्रू काढून भाग बदलतां येतात तिच्याविषयींच आम्ही येथें लिहीत आहों. ज्या खेळण्याचें पोट उघडतांच येत नाहीं, त्यास या लेखांतील विचार लागू नाहीं.

मराठींत ‘मोटार’ व ‘मोटर’ या शब्दांचा नेहमीं घोळ होतो. तो टाळण्यासाठीं आम्ही वाहनास गाडी व तिच्या पोटांतील विजेच्या यंत्रास मोटर म्हणूं. मोटरच्या आंसावर, म्हणजे शाफ्टवर, जें लहान धातूचें दांतेरी चाक बसतें तें पिनियन. तें ज्या मोठ्या, बहुधा प्लास्टिकच्या, चाकास फिरवितें त्याचें नांव स्पर. स्परच्या पुढें आणखी कांहीं दांतेरी चाकें असतात, पण तीं पेटींत बंद असल्यामुळें सहसा कोणी त्यांस हात लावीत नाहीं. बदलावयाचें तें पिनियन, आणि क्वचित् स्पर.

विजेच्या लहान मोटरचा स्वभाव असा कीं, ती अतिशय जलद फिरते, परंतु तिच्या अंगीं जोर बेताचा असतो. गाडीच्या चाकांस याच्या उलट पाहिजे, फेरे थोडे चालतील, पण जोर भरपूर हवा. दांतेरी चाकें हा सौदा जुळवून देतात. फेरे द्यावयाचे आणि जोर घ्यावयाचा. आमच्या वयाच्या ज्या वाचकांनीं बैलाचा रहाट पाहिला असेल, त्यांस आडव्या चाकाचे लांकडी दांडे उभ्या चाकाच्या दांड्यांत कसे अडकत व एकाच्या फिरण्यानें दुसरें कसें फिरे, हें आठवत असेल. (रहाट हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’ यापासून आला आहे, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) तत्त्व तेंच, फक्त बैलाच्या जागीं मिनिटास पंधरा हजार फेरे घेणारी मोटर आली आहे.

आतां हिशेब पाहूं. उदाहरण म्हणून तामियाची ‘टीटी-०२’ ही रस्त्यावर चालणारी, अनेक नवशिक्यांच्या हातीं असलेली गाडी घेऊं. हिच्या मूळ संचांत पिनियनला २२ दांते व स्परला ७० दांते असतात. स्परचा एक फेरा होण्यास पिनियनचे ७० भागिले २२, म्हणजे ३.१८ फेरे व्हावे लागतात. दांते जितके थोडे तितके फेरे अधिक. हें आपल्या भास्कराचार्यांच्या लीलावतींतील व्यस्त त्रैराशिकच होय. स्परपुढील बंद चाकांचें प्रमाण या गाडींत २.६ आहे. दोहोंचा गुणाकार ८.२७ येतो. अर्थात् मोटरचे सव्वाआठ फेरे झाले म्हणजे गाडीच्या चाकाचा एक फेरा होतो. या गाडीच्या चाकाचा व्यास टायरसह सुमारें ६४ मिलिमीटर धरला, तर परिघ २०१ मिलिमीटर भरतो. त्यास ८.२७ नें भागिलें असतां २४.३ मिलिमीटर येतात. मोटरच्या एका फेऱ्यास गाडी एवढी पुढें सरकते.

हा शेवटचा आंकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यांत पिनियन, स्पर, आंतलीं चाकें व टायर या सर्वांचा समावेश होतो. पिनियन २१ दांत्यांचें घातलें तर तो २३.२ होतो, २३ दांत्यांच्या पिनियननें २५.४, व २४ च्या पिनियननें २६.५. मुलांच्या एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं ती ही कीं, पिनियन तेंच ठेवून मोठे टायर लावले, तरीही हा आंकडा वाढतो. मातींत चालविण्यासाठीं हौसेनें मोठे, कांटेरी टायर बसवावयाचे आणि ‘आम्ही पिनियनला हातही लावला नाहीं, तरी मोटर कां तापते?’ असें विचारावयाचें, हा प्रकार फार आढळतो. टायर मोठा केला म्हणजे पिनियन मोठें केल्यासारखेंच झालें. तसेंच स्परचे सुमारें तीन दांते कमी करणें हें, या गाडीपुरतें, पिनियनचा एक दांता वाढविण्याबरोबर आहे.

कोणी म्हणेल, दोन दांते वाढविले तर वाढले. त्यांत काय बिघडलें? वेग वाढेल हें खरें. मोटर मिनिटास १५,००० फेरे फिरते असें धरलें, तर २२ दांत्यांनीं गाडी तासास सुमारें २२ किलोमीटर धांवेल व २४ दांत्यांनीं सुमारें २४. वाढ नऊ टक्क्यांची झाली. पण हे दोन किलोमीटर फुकट मिळत नाहींत. गाडी तेवढ्याच जोरानें ढकलावयाची, तर मोठ्या पिनियनमुळें मोटरला नऊ टक्के अधिक नेट लावावा लागतो. मोटरचा नेट वाढला कीं तिच्या तारांतून वाहणारी वीज त्याच प्रमाणांत वाढते. आणि तारांत जी उष्णता उत्पन्न होते ती विजेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. येथें साधें त्रैराशिक सुटतें व वर्ग येतो. हाच तो खड्डा, ज्यांत मुलें पडतात. २४ भागिले २२ याचा वर्ग १.१९ होतो. वेग नऊ टक्क्यांनीं वाढला, पण तारांतील उष्णता एकोणीस टक्क्यांनीं वाढली. शिवाय वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढतो तो निराळाच. म्हणून दांते वाढवीत गेल्यास एक मर्यादा अशी येते कीं, मोटर भारानें दबून आपले फेरेच गमावूं लागते, आणि गाडी जलद होण्याऐवजीं मंद व गरम मात्र होते.

आमच्या शेजारीं एक मोठें एकत्र कुटुंब राहतें. थोरल्या भावाचा मुलगा पंधरा वर्षांचा, धाकट्या भावाची मुलगी बारा वर्षांची. मुलानें दोन दिवाळ्यांचे पैसे सांठवून अशी एक गाडी घेतली होती. वेग वाढावा म्हणून तो दुकानांत गेला, तेव्हां तेथील माणसानें ‘मोठें पिनियन घाल, गाडी उडेल’ असा सल्ला देऊन १९ दांत्यांच्या जागीं २५ दांत्यांचें पिनियन दिलें. चैत्र महिना, दुपारचे चार, आणि इमारतीमागील गवत. गाडी दहा मिनिटें चालली, मग जळकट वास आला व ती बंद पडली. घरांत संध्याकाळीं मोठा प्रसंग झाला. आजोबांनीं निकाल दिला कीं, हा खेळ आजपासून बंद. ज्या वस्तूची किंमत कळत नाहीं ती हातीं नको. मुलगा रडला नाहीं, पण दोन दिवस कोणाशीं बोललाही नाहीं. आजींनीं तेवढें म्हटलें, “पैसे त्यानें स्वतःचे घातले आहेत. बंद करायचं तर करा, पण कां जळलं तें तरी कोणी त्याला सांगा.”

तें सांगण्याचें काम त्या धाकट्या मुलीनें केलें. आजवर गाडी उलटली कीं धांवत जाऊन ती सरळ करून देणें एवढाच तिचा खेळांत भाग असे. तिनें दोनही पिनियनें हातांत घेऊन शाईचा ठिपका देऊन दांते मोजले व तीं घेऊन आमच्याकडे आली. प्रमाण कसें मांडावयाचें तें आम्हीं सांगितलें. २५ भागिले १९ याचा वर्ग तिचा तिनें केला. उत्तर १.७३ आलें. “म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट गरम!” असें म्हणून ती पाटी तशीच घेऊन घरीं गेली व आजोबांपुढें ठेवली. आजोबा जन्मभर हिशेबखात्यांत होते. त्यांनीं भागाकार पुन्हां करून पाहिला, आणि हुकूम फिरविला, परंतु एका अटीवर. यापुढें कोणताही सुटा भाग घेण्यापूर्वीं त्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवावयाचा. नवी मोटर आली. आतां गवतावर १८ दांते व सिमेंटवर २० दांते अशी त्यांची वहिवाट ठरली आहे, आणि रिमोट अर्धा वेळ मुलीच्या हातांत असतो. ही दुसरी अट तिची स्वतःची.

गवताचा उल्लेख आला तो महत्त्वाचा आहे. गवत, वाळू, चढण हीं सर्व भार वाढवितात. गुळगुळीत फरशी तो कमी करते. जें पिनियन फरशीवर निर्वेध चालतें तेंच गवतावर मोटर जाळूं शकतें. तशीच गोष्ट ऋतूची. मोटर हवेपेक्षां किती अंश वर तापते हें भारावर अवलंबून असतें. समजा ती चाळीस अंश वर जाते. पुण्यास पौषांत हवा वीस अंश असली, तर मोटर साठ अंशांवर राहील व कोणाचें कांहीं बिघडणार नाहीं. तोच मुलगा मे महिन्यांत आजोळीं नागपुरास गेला व तेथें चव्वेचाळीस अंशांच्या उन्हांत तेंच पिनियन घालून गाडी पळवूं लागला, तर मोटर चौऱ्याऐंशींवर जाईल. विदर्भांतील वाचकांनीं उन्हाळ्यापुरते एक-दोन दांते कमीच ठेवावे, हें बरें.

मोटरच्या कवचाचें उष्णतामान सत्तर अंश सेंटिग्रेडच्या आंत ठेवावें, असा या छंदांतील अनुभवी लोकांचा सर्वसाधारण दंडक आहे, व तो सकारण आहे. ब्रश नसलेल्या नव्या मोटरींत निओडिमियम धातूचें चुंबक असतें, आणि त्याच्या साध्या जाती ऐंशीं अंशांपलीकडे आपलें चुंबकत्व कायमचें गमावूं लागतात. बाहेरून सत्तर अंश असतां आंत त्याहून अधिक असतात, हें विसरूं नये. ब्रश असलेल्या जुन्या पद्धतीच्या मोटरींत ब्रश व ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग आधीं करपतो.

हें उष्णतामान बोटानें पाहण्याची रीति टाकून द्यावी. बोट भाजतें, आणि आंकडा कांहीं कळत नाहीं. दुरून उष्णतामान मोजणारें लहान यंत्र मिळतें तें घ्यावें. २०२० च्या साथींत घरोघरीं कपाळाचा ताप मोजण्याचीं यंत्रें आलीं व तीं आतां कपाटांत पडून आहेत. परंतु त्यांपैकीं पुष्कळशीं माणसाच्या तापापुरतींच असल्यामुळें बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपुढें उपयोगी पडत नाहींत. ज्यांत पृष्ठभाग मोजण्याची निराळी सोय आहे तें चालेल. आणखी एक बारकावा आहे. मोटरचें कवच चकचकीत असल्यास असें यंत्र खऱ्यापेक्षां कमी आंकडा दाखवितें. कवचावर काळ्या इन्सुलेशन टेपचा लहानसा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा.

पिनियन निवडण्याची आमची रीत अशी. गाडीबरोबर जी पुस्तिका येते तींत त्या मोटरीसाठीं सांगितलेलें पिनियन घालून आरंभ करावा. पुस्तिका हरवली असल्यास लहानापासून सुरुवात करावी, मोठ्यापासून कधींही नाहीं. तीन मिनिटें गाडी नेहमीप्रमाणें चालवावी, लगेच उष्णतामान घ्यावें व वहींत लिहावें. मोटर पुष्कळ थंड असेल, तर एकच दांता वाढवावा आणि तीच परीक्षा पुन्हां करावी. अंगणांत खडूनें एक फेरी आंखून तिला किती सेकंद लागतात तेंही लिहून ठेवावें. दांता वाढूनही सेकंद कमी होत नाहींत असें दिसलें कीं तेथून एक पाऊल मागें यावें. उलट टोकास जाऊन पिनियन फारच लहान घालण्यांतही अर्थ नाहीं. गाडी चटकन् निघते, पण मोटर उगाच किंचाळत राहते व वेग कांहीं हातीं लागत नाहीं.

बॅटरी बदलल्यास हा सर्व हिशेब नव्यानें करावा लागतो. दोन घटांच्या लिपो बॅटरीचा दाब ७.४ व्होल्ट असतो, तीन घटांच्या बॅटरीचा ११.१. दाब दीडपट झाला म्हणजे फेरेही दीडपट होऊं पाहतात. २२ दांत्यांनीं जो वेग मिळत होता तोच राखावयाचा तर १५ दांते पुरेसे आहेत. मुलें मात्र बॅटरी वाढवितात आणि पिनियनही वाढवितात. गाडीचा स्पीड कंट्रोलर तीन घटांस योग्य आहे कीं नाहीं, हेंही आधीं पाहिलें पाहिजे.

दांते किती हें ठरल्यावर ते कोणत्या मापाचे हा प्रश्न येतो, व येथें पैसे हमखास वायां जातात. दोन चाकांचे दांते एकाच मापाचे असल्याशिवाय तीं एकमेकांशीं जुळत नाहींत. जपानी गाड्यांत बहुधा ‘मॉड्यूल’ हें माप असतें. मिलिमीटरांत व्यास घेऊन त्यास दांत्यांनीं भागिलें म्हणजे तें निघतें. अमेरिकन पद्धतींत एक इंच व्यासास किती दांते तें सांगतात, व त्यास ‘पिच’ म्हणतात. ३२, ४८ व ६४ पिच हीं नेहमींचीं. टीटी-०२ चे दांते ०.६ मॉड्यूलचे आहेत. ४८ पिचचे दांते दिसावयास जवळजवळ तसेच, पण मॉड्यूलमध्यें ०.५३ भरतात. हीं दोन एकत्र घातलीं तर प्लास्टिकच्या स्परचा एका दुपारींत भुगा होतो. ३२ पिच व ०.८ मॉड्यूल यांतील फरक मात्र इतका सूक्ष्म आहे कीं तीं व्यवहारांत एकमेकांशीं चालतात.

हातांतील पिनियनवर माप लिहिलेलें नसल्यास तें काढण्याची सोपी रीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंतील व्हर्निअर कॅलिपरनें दांत्यांच्या टोकांवरून बाहेरचा व्यास घ्यावा व त्यास दांत्यांच्या संख्येंत दोन मिळवून भागावें. २२ दांत्यांचें पिनियन १४.४ मिलिमीटर भरलें, तर १४.४ भागिले २४, म्हणजे ०.६ मॉड्यूल. तेंच १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच भरलें, तर तें ४८ पिच होय.

मग भोंक. ‘५४०’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या नेहमींच्या मोटरींचा शाफ्ट ३.१७ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा अष्टमांश असतो. मोठ्या गाड्यांच्या मोटरींचा बहुधा ५ मिलिमीटर. धातूविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर पोलाद घ्यावें. पितळ साध्या मोटरीस चालतें. ॲल्युमिनियम हलकें खरें, परंतु त्यावरील कठीण थर एकदां उडाला कीं तें काळपट पूड सोडूं लागतें व स्परचे दांते खातें.

आतां बसविण्याकडे वळूं. प्रथम बॅटरी काढून बाजूस ठेवावी. नुसती कळ बंद करून भागत नाहीं. कोणाचा हात रिमोटवर पडला व चाकें फिरलीं तर बोट सांपडतें. ज्या मुलींच्या वेण्या लांब आहेत त्यांनीं त्या मागें बांधाव्या. जुनें पिनियन काढतांना त्याचा ग्रब स्क्रू घट्ट बसला असेल तर जोर करूं नये. त्यावर बहुधा थ्रेडलॉक लावलेलें असतें. गरम सोल्डरिंग आयर्नचें टोंक स्क्रूवर मिनिटभर धरल्यानें तें सैल होतें. ३.१७ मिलिमीटरच्या पिनियनांस सहसा दीड मिलिमीटरची अॅलन की लागते. ती चांगल्या पोलादाची व टोंकास न झिजलेली असावी. स्वस्त की स्क्रूचा षट्कोनी खळगा गोल करून टाकते, आणि मग पिनियन शाफ्टवर जन्माचें बसतें.

मोटरच्या शाफ्टवर एका बाजूस सपाटी असते. ग्रब स्क्रूचें टोंक बरोबर त्या सपाटीवर यावें; गोल भागावर घट्ट केलेला स्क्रू चार दिवसांत घसरतो. थ्रेडलॉक निळें व अगदीं थोडें, सुईच्या टोंकावर राहील इतकें, लावावें. तें स्क्रूच्या आट्यांसच लागावें. गाडीच्या कांहीं प्लास्टिकांस त्यानें तडे जातात. पिनियन आंसावर पुढेंमागें सरकवून त्याचे दांते स्परच्या दांत्यांच्या सबंध रुंदीस भिडतील असें ठेवावें, पण तें मोटरच्या तोंडास घासूं देऊं नये. मोटर गाडीस पक्की करणारे स्क्रू हरवल्यास हाताला येईल तो लांब स्क्रू लावूं नये. फाजील लांब स्क्रू मोटरच्या आंत जाऊन तारांच्या वेटोळ्यास टोंचतो, आणि हिशेब कितीही बिनचूक असला तरी मोटर जाते.

कांहीं गाड्यांत मोटरच्या स्क्रूंचीं भोंकें ठरलेलीं असतात व कोणत्या पिनियनला कोणतें भोंक याचा तक्ता पुस्तिकेंत दिलेला असतो. तेथें तक्त्याप्रमाणें करावें म्हणजे झालें. जेथें लांबट खांच असते तेथें दोन चाकांमधील अंतर आपणच ठरवावयाचें असतें, आणि सर्व कौशल्य येथेंच आहे. यास कागदाची युक्ति उत्तम. मुलांच्या वहीच्या पानाची एक बारीक पट्टी कापावी. ती पिनियन व स्पर यांच्या दांत्यांमध्यें घालून मोटर स्परकडे दाबावी, त्या स्थितींत मोटरचे दोनही स्क्रू आंवळावे, आणि स्पर हातानें फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर दांत्यांच्या घड्या स्वच्छ उमटलेल्या दिसतात, पण ती फाटलेली नसते. कागद गेला म्हणजे तेवढीच फट दांत्यांत उरते. मग पिनियन एका बोटानें स्थिर धरून स्पर किंचित् हलवून पाहावा. त्यानें अगदीं थोडी टिकटिक करावी. स्परचा पाव फेरा करून पुन्हां पाहावें, आणखी पाव फेरा करून पुन्हां. प्लास्टिकचा स्पर क्वचितच पूर्ण गोल असतो. एका जागीं सैल व दुसऱ्या जागीं घट्ट लागतो. सर्वांत घट्ट जागीं थोडी टिकटिक राहील अशी योजना करावी.

पुढचें काम कानाचें. गाडी उचलून चाकें मोकळीं फिरवावीं. दांते फार जवळ असतील तर घशांत अडकल्यासारखा जड घुरघुराट येतो, आणि पिनियनच्या दोषानें मोटर तापते असें मुलें समजतात. फार दूर असतील तर खडखडाट येतो; मोटर तापत नाहीं, पण पहिल्या धडकेसच स्परचे दांते छाटले जातात. योग्य अंतरावर एकसुरी, हलकी शीळ ऐकूं येते. ज्यांनीं वर्षानुवर्षें मुलांचीं पाठांतरें ऐकलीं आहेत त्यांस हा फरक सांगावा लागणार नाहीं. नवें पिनियन घातल्यावर पहिल्या पांच मिनिटांनीं गाडी थांबवून ग्रब स्क्रू व मोटरचे स्क्रू पुन्हां तपासावे. ते एकदां सैल होतातच.

जुन्या घड्याळजींस व गिरणीवाल्यांस ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. पिनियन व स्पर यांच्या दांत्यांचा मसावि १ असला, म्हणजे पिनियनचा प्रत्येक दांता पाळीपाळीनें स्परच्या प्रत्येक दांत्यास भेटतो, आणि झीज सर्वत्र सारखी होते. मसावि मोठा असला तर तेच दांते पुन्हां पुन्हां त्यांनाच भेटतात. एक दांता जरी वांकडा असला तरी तो समोरच्या थोड्या ठराविक दांत्यांसच सारखा मारीत राहतो. २१ व ७० यांचा मसावि ७ आहे, म्हणून तीच जोडी पिनियनच्या दर दहा फेऱ्यांनीं परत येते. २२ व ७० यांचा २ आहे, ती पस्तीस फेऱ्यांनीं येते. २३ व ७० यांस सत्तर फेरे लागतात. एवढ्या लहान गाडींत या फरकानें फार कांहीं वांचतें असें नाहीं. परंतु उष्णतेच्या दृष्टीनें २२ व २३ दोनही दांते चालत असतील, तर आम्ही २३ घेऊं.